पुढचा तास

बाई आम्हाला गावाच्या नावाने हाक मारत. “शिवरे, फळा पूस.” “वेल्हे, खिडकी लाव, धूळ येतेय.” मी कामथडी. पुढच्या वर्षी आमच्या गावातल्या आणखी एकीने प्रवेश घेतला, तेव्हा ती धाकटी कामथडी झाली आणि मी थोरली. नावं लक्षात राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं नव्हतं. माणूस कुठून आला हे कळलं की तो घरी कसा बोलतो ते कळतं, आणि त्यांना तेवढंच हवं असायचं.

भोरच्या कॉलेजात त्या मराठी शिकवत. वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात त्या भाषाविज्ञान शिकवत, आणि त्यातही उपयोजित. म्हणजे भाषेबद्दल जे कळलं ते कुणाच्या तरी कामी आणायचं. वर्गात हा शब्द पहिल्यांदा ऐकल्यावर मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं होतं, “पण बाई, भाषेवर पोट भरतं का?” बाई चांगल्या रुंद होत्या. त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाल्या, “तुला काय दिसतंय?”

पदर खोचलेली सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला पिशवी. पिशवीत कुलूप, किल्ली, लिंबू, दोरीचा गुंडा, चमचा. नवख्याला भाषा शिकवायची तर हातात देता येईल असं काही तरी लागतं, हे त्यांचं मत. गावातली पोरं त्यांना बोहारीण म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. “बोहारणीला सगळ्या गल्ल्या माहीत असतात,” एवढंच म्हणायच्या.

त्या काळी आमच्या भागात मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीपुढे दोन वाटा होत्या, बी.एड. नाही तर लग्न. मुलगी हुशार असली तर आधी बी.एड. आणि मग लग्न. विद्यापीठात भाषा शिकवणारी माणसं असतात, कोश करणारी असतात, परक्या माणसाला मराठी बोलायला शिकवणं हाही एक धंदा आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाईही सांगत नसत, दाखवत. भोरच्या बाजारपेठेतून त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षाच. दवाखान्याच्या पाटीसमोर थांबायच्या, बँकेतला पैसे भरायचा कागद उचलायच्या. “हे वाचून कुणाला काही कळेल का?”

“नाही, बाई.”

“मग इथं एका माणसाचं काम आहे. ते कुणाला दिलंय?”

“कुणालाच नाही.”

“म्हणजे जागा रिकामी आहे. जाहिरात निघाली नाही एवढंच.”

मी मनात म्हणायचे, जाहिरात निघाल्याशिवाय पगार कोण देणार. मी तेव्हाही व्यवहारीच होते.

त्यांच्या वर्गात शिकवायचं आमच्याकडे असे आणि त्या मागच्या बाकावर बसत. पाठ कंटाळवाणा झाला की झोपत. डोळे मिटून ऐकतात वगैरे नाही, खरोखर झोपत, घोरत. तोच त्यांचा शेरा. माझ्या पहिल्या पाठाला त्या प्रस्तावनेतच झोपल्या. मी चिडून आवाज चढवला. त्यांनी एक डोळा उघडला, “ओरडू नकोस, काही तरी सांग,” म्हणाल्या आणि पुन्हा मिटला. त्यानंतर मी जन्मात प्रस्तावना केली नाही.

स्वतःचं त्यांनी फारसं भलं केलं नाही. पीएच.डी. अर्धी सोडलेली. टाइप केलेल्या त्या अर्ध्या प्रबंधाच्या कोऱ्या बाजूवर आम्ही सरावाचे पाठ लिहायचो. प्राचार्यांशी पटत नसे, कारण सभा लांबली की त्या तिथेही झोपत. पुढे निवृत्त झाल्या तरी भोर सोडलं नाही. फोन केला की “काम बोल” म्हणतात, आणि काम संपलं की ठेवून देतात. तब्येत विचारलेली त्यांना आवडत नाही.

एकदा वेल्ह्याकडच्या गावात निर्धूर चुली वाटल्या होत्या. सोबतचं सरकारी पत्रक असं होतं की वाचणाऱ्याला पाणी प्यायला लागावं. बाईंनी ते आमच्याकडून सोप्या मराठीत लिहून घेतलं. आम्ही खूश होतो. भाषा सोपी, वाक्यं छोटी. “झालं का चांगलं?” बाईंनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. “चला मग.” सगळ्यांना एस.टी.त घालून त्यांनी वेल्ह्याला नेलं, तिथून पुढे एका टेम्पोत उभं केलं. एका घरात सून थोडंफार वाचणारी होती. बाईंनी कागद तिच्या हातात दिला आणि आम्हाला तोंड उघडायचं नाही असं बजावलं.

तिने पहिलं वाक्य वाचलं आणि तसं केलं. दुसरं वाचलं, तसं केलं. तिसऱ्याला काडी ओढली. चुलीला दोन तोंडं होती; दुसऱ्यावर भांडं ठेवल्याशिवाय ती पेटवायची नसते, नाही तर धूर तिथून बाहेर येतो, हे आम्ही शेवटी लिहिलं होतं, ठळक अक्षरात. तिथपर्यंत ती पोचायच्या आत सगळा धूर घरात. सासू, सून, आम्ही आणि बाई असे सगळे खोकत अंगणात.

“ही कसली ओ निर्धूर?” सासू डोळे पुसत म्हणाली. “आमची जुनी बरी व्हती की.”

“चूल चांगलीय, मावशी,” बाई खोकत म्हणाल्या. “कागद वाईट आहे. ह्या पोरांनी लिवलाय.”

परतीच्या एस.टी.त आम्ही तो कागद पुन्हा लिहिला. भांड्याचं वाक्य पहिलं गेलं. वाचणारा एकेक ओळ करत पुढे येतो, आपल्यासारखा आधी पान संपवत नाही. पुस्तकात हे असेलही, पण मला ते धुरात कळलं.

बी.ए. झाल्यावर मला पुण्याला भाषाविज्ञानात एम.ए. करायचं होतं. आमचे आण्णा ऐकेनात. शेती थोडी, पाठीमागे दोन भाऊ. बी.एड. झालं की नसरापूरच्या शाळेत ओळख होती. बाई एका रविवारी कामथडीत आल्या. आता बाई भाषण करणार म्हणून आण्णा तयारीतच बसले होते. बाईंनी चहा घेतला आणि मळा बघायचा म्हणाल्या. बांधावरून चालताना विचारलं, “नवीन बी आणलं तर तुम्ही सगळ्या रानात टाकता का?”

“न्हाई बा. एका वाफ्यात करून बघायचं आदी.”

“आणि आलं नाही तर?”

“न्हाई तर न्हाई. एक वाफा गेला.”

“मग हिलाही एक वाफा द्या. दोन वर्षांचा. नाही उगवलं तर तुमचं बी.एड. आहेच.”

आण्णा बांधावरून तसेच घरी आले. मग आईला म्हणाले, “लई बेरकी बाई हाय.” पण परवानगी मिळाली.

एम.ए.च्या काळात बाईंनी मला कामाला लावलं. वरव्याच्या बाजूला एक कारखाना आला होता. तिथले साहेब तमिळ, कामगार आमच्याकडचे. साहेबांना मराठी हवी होती. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायचे आणि महिन्यातून एकदा बाई सगळ्यांना भोरच्या आठवडी बाजारात आणायच्या. आदल्या दिवशी त्या बाजारात फिरून प्रत्येकाला ताकीद द्यायच्या, उद्या माझी माणसं येतील, हिंदी बोलायचं नाही. बाजार ही गोष्ट फार मनावर घ्यायचा.

एक उंच, चष्मेवाले साहेब वांगी घ्यायला गेले. “कितना?”

“काय म्हनता?” शेवंताबाई वांग्यांमागून म्हणाली. ही बाई एरवी ट्रकवाल्यांशी तासभर हिंदीत भांडायची.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर रहीमचाचांची खारी-टोस्टची गाडी दिसली. दाढी पाहून त्यांना धीर आला असावा. “भाईसाब, आप तो समझेंगे!”

“समजतं की,” चाचा म्हणाले. “पन बाईंनी बजावलंय. मराठीत मागा, न्हाई तर टोस मिळायचा न्हाई.”

साहेबांनी दोन बोटं दाखवली.

“बोटं नका दावू, सायेब. तोंड उघडा.”

“दोन... टोस... द्या.”

“आता कसं!” चाचांनी तीन दिले. पलीकडून शेवंताबाई ओरडली, “आन माझी वांगी कोन घेनार?” साहेब वळून घाम पुसत म्हणाले, “मी घेणार.” अख्ख्या रांगेत हशा पिकला. ते साहेब पुढे कामगारांच्या सभेत मराठीत बोलायचे.

एम.ए. झालं. नेटचा निकाल लागला, पास झाले. आणि तिथून पुढे काही नाही. भाषाविज्ञानाच्या जागा आधीच थोड्या, त्यात अनेक वर्षं न भरलेल्या. आण्णांनी दिलेली मुदत संपून गेली होती. त्याच वरव्याच्या कारखान्यात टेलिफोनवर बसायची नोकरी मामांनी ठरवली. दोन महिन्यांनी, एक तारखेला रुजू व्हायचं. मी हो म्हटलं होतं.

त्या आठवड्यात भोर–पुणे गाडीच्या कंडक्टरने कामथडीच्या थांब्यावर माझ्या भावाच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा दिला. “बाईंनी दिलंय. थोरल्या कामथडीला द्या म्हनल्या.” बाईंची टपालव्यवस्था अशीच होती. तुकड्यावर विद्यापीठातली जाहिरात होती. व्याख्याता, एक जागा, परभाषकांना मराठी शिकवण्यासाठी. मी अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा एक तारीख तीन आठवड्यांवर होती.

समितीत चार जण होते. विभागप्रमुख मध्ये, त्यांच्या शेजारी बाहेरचे तज्ज्ञ. बाकी प्रश्न झाल्यावर प्रमुख म्हणाले, “आता थोडा पाठ घेऊन दाखवा. समोर परदेशी विद्यार्थी आहेत असं समजा.”

“कुठे आहेत, सर?”

“समजा, म्हटलं.”

“समजून शिकवता येत नाही. समोरचा गोंधळला की नाही, ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं.”

तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. “आता विद्यार्थी कुठून आणायचा तुमच्यासाठी?”

“बाहेर बाकावर एक गृहस्थ बसलेत. मघाशी शिपाई त्यांना मराठीत ओरडत होता आणि त्यांना काही कळत नव्हतं.”

प्रमुख हसले आणि त्याला बोलावलं. तिशीचा सुदानी माणूस होता, रसायनशास्त्रात संशोधनाला आलेला. वसतिगृहाच्या कागदावर सही हवी होती म्हणून बसला होता. सही मिळायच्या आधी हे काय, असा चेहरा करून उभा राहिला.

मी पर्समधून कुलूप, किल्ली आणि लिंबू काढलं. दार उघडलं, म्हटलं “दार उघडा.” लावलं, म्हटलं “दार लावा.” मग मी नुसती बोलले आणि त्याने केलं. खिडकी, कुलूप, किल्ली. “पंखा बंद करा.” त्याने केला. भर उन्हाळ्यात समिती घामाघूम झाली तरी मी तो चालू करायला सांगितलं नाही. शेवटी म्हटलं, “लिंबू सरांच्या खिशात ठेवा.” त्याने लिंबाकडे पाहिलं, तज्ज्ञांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि सरळ जाऊन त्यांच्या खिशात लिंबू टाकलं. सगळे हसले. तोही हसला.

तज्ज्ञ लिंबू काढून टेबलावर ठेवत म्हणाले, “गंमत झाली. पण हा एक शब्दही बोलला नाही.”

“आज नाही बोलणार, सर. आधी कान तयार होतो, मग तोंड.”

“मग बोलणार कधी?”

“परवाच्या तासाला,” मी ठणकावून सांगितलं.

प्रमुखांनी त्याला इंग्रजीत काही तरी सांगितलं, सही दिली आणि मला निरोप.

मी तशीच भोरला गेले. बाई पावटे सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकलं. लिंबाच्या वेळी इतक्या हसल्या की सूप कलंडलं. मग डोळे पुसून विचारलं, “छान. परवा किती वाजता?”

“काय किती वाजता?”

“तास.”

“बाई, तो मुलाखतीचा पाठ होता.”

“त्याला माहीत होतं का?”

मी सांडलेले पावटे सुपात भरू लागले.

“नाव काय त्याचं?”

“विचारलं नाही.”

“गाव?”

“सुदान.”

“सुदान हे गाव झालं? मी तुला पुणे जिल्हा म्हणून हाक मारते का?”

मी म्हटलं, अजून निकाल नाही. आत्ता तिथे चकरा मारल्या तर लोक म्हणतील, नोकरीसाठी पुढे पुढे करतेय. ते मला खरंच वाटत होतं, आणि अजूनही चुकीचं वाटत नाही.

“मग विभागात जाऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “बाहेर बस. नोकरी तुझी असेल नसेल. तास त्याचा आहे. कान उघडून ठेवलास आणि निघून आलीस. असं करायचं नसतं.” आणि पुन्हा पावटे.

दोन दिवसांनी मी गेले. मुळात रागानेच गेले. त्याला शोधायचा कसा, वसतिगृहात विचारायचं तर काय सांगायचं, याचा विचार करत विभागाच्या व्हरांड्यात आले, तर तो त्याच बाकावर बसलेला. मांडीवर नवी वही, शेजारी एक मित्र. प्रमुखांनी इंग्रजीत त्याला तेवढंच सांगितलं होतं, पुढचा तास परवा. त्याने ते खरं मानलं होतं.

आम्ही कडुलिंबाच्या पारावर बसलो. नाव यासीन, गाव अतबारा. रेल्वेचं गाव आहे, वडील रेल्वेत. त्या दिवशी तो बोलला. “दार उघडा” हे त्याचं पहिलं मराठी वाक्य, पारावर दार नसताना. मित्राने नसलेलं दार उघडून दाखवलं.

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी जात राहिले. कारखान्याच्या शिकवणीतून शिल्लक टाकलेलं गाडीभाड्यात गेलं. दुसऱ्या आठवड्यात निकाल कळला. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली होती. ते डॉक्टरेट झालेले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. कारकुनाने खिडकीतूनच सांगितलं. मी ऐकलं आणि पारावर गेले, कारण तिथे पाच जण बसले होते.

घरी सांगितलं तेव्हा आण्णा म्हणाले, “मंग आता कशाला जातीस तिकडं?”

“त्यांचं अजून संपलं नाही.”

“आन पैसं कोन देतंय?”

“कुणी नाही.”

“मामाला काय सांगू म्या?”

“एक तारखेला येते म्हणून सांगा.” मी तेही मनापासूनच म्हटलं होतं.

तीस तारखेला प्रमुख पारापाशी येऊन उभे राहिले. तेव्हा यासीन दुसऱ्याला बसचं तिकीट कसं मागायचं ते शिकवत होता आणि मी कंडक्टर झाले होते. त्यांनी तास पुरा होऊ दिला.

“हा वर्ग कुणी लावला?”

“कुणी नाही, सर. त्या दिवशी परवा म्हणून सांगितलं होतं.”

ते पारावर टेकले. मग म्हणाले की नवे व्याख्याते विद्वान आहेत, पण त्यांना एम.ए.चेच वर्ग हवेत. परदेशी विद्यार्थी घ्यायला ते तयार नाहीत. “तासिका तत्त्वावर घ्याल का? जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काही नाही. पुढच्या वर्षीची खात्री नाही. शिकवायला खोली देतो.”

वरव्याची टेलिफोनची नोकरी कायमची होती. पगार या तासांच्या दुप्पट. मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. हिशोब वाईट होता. “घेते,” म्हटलं.

नसरापूरला उतरून पेढे घेतले. आण्णांनी पुडा हातात धरून विचारलं, “पर्मनंट हाय का?”

“नाही.”

“मंग पेढं कशाला?”

“तुम्हाला आवडतात म्हणून.”

त्यांनी दोन खाल्ले. मामांकडे स्वतः जाऊन आले. काय बोलले ते मला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भोरला गेले. बाई ओट्यावर बसून कुणाचा तरी अर्ज दुरुस्त करत होत्या. मी सांगितलं की जागा गेली, तास मिळाले, खोली मिळाली, आणि कारखान्याला नकार कळवला. त्यांनी मान वर केली नाही. ओळ पुरी केली, पेनाला टोपण लावलं.

“आठवड्यातून किती दिवस?”

“पाच.”

“मग रोज तिकीट काढू नकोस, मरशील. महिन्याचा पास काढ. स्टँडवरची खिडकी चारला बंद होते.”

शाबासकी नाही, चहा नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पायात चपला सरकवल्या आणि स्टँडकडे धावले.